हॉटेल, मंगल कार्यालय, मेस, दवाखाना: पर्यावरण सांभाळून खरेदी कशी करायची? मराठवाड्यातल्या सेवा व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांत जे हॉटेल, खानावळ, मंगल कार्यालय, केटरिंग, वसतिगृह, दवाखाना किंवा लॉन्ड्री चालवतात त्यांच्यासाठी हे पान आहे. प्रश्न नेहमी विचारले जाणारेच आहेत. उत्तरं देताना आपल्याकडचं पाणी, आपला मोंढा आणि आपली लग्नसराई डोळ्यांसमोर ठेवली आहे.

आम्ही काही बनवत नाही, फक्त सेवा देतो. मग आमची कसली आली पुरवठा साखळी?

मंगल कार्यालयातला एक लग्नाचा दिवस घ्या. पहाटे टँकर येतो, तो कुठल्यातरी गावातल्या बोअरचं पाणी घेऊन. मोंढ्यातून किराणा, भाजी मंडईतून भाजी, एजन्सीकडून गॅसच्या टाक्या, जारवाल्याकडून पाण्याचे जार, डेकोरेशनवाल्याकडून फुलं आणि कापड, घाऊक दुकानातून पत्रावळी आणि ग्लास येतात. जनरेटरसाठी डिझेल येतं. रात्री यातलं बरंचसं उष्टं, ओलं, कोरडं असं एकत्र होऊन घंटागाडीत किंवा मागच्या नाल्यात जातं. पुरवठा साखळी म्हणतात ती हीच.

कारखान्याची चिमणी सगळ्यांना दिसते. सेवा व्यवसायाला चिमणी नसते, त्यामुळे आपण स्वच्छ धंद्यात आहोत असं वाटत राहतं. प्रत्यक्षात आपला धूर दुसऱ्याच्या गावात निघतो आणि आपला कचराही दुसऱ्याच्याच गावात जातो. २०१८ साली कचरा डेपोजवळच्या नारेगावच्या लोकांनी शहरातल्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा संपूर्ण औरंगाबाद शहर कचऱ्यानं भरून गेलं होतं. त्या ढिगांत घरांच्या जोडीला हॉटेलांचा आणि कार्यालयांचाही कचरा होताच. म्हणून सेवा व्यवसायात पर्यावरणाचं काम मुख्यतः खरेदीत असतं: काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं आणि वापरून झाल्यावर त्याचं काय करायचं.

सुरुवात कुठून करावी?

खरेदीच्या वहीपासून. सल्लागार, सॉफ्टवेअर, प्रमाणपत्र यातलं काही पहिल्या दिवशी लागत नाही. मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि वजनानं किंवा खर्चानं सर्वांत मोठ्या दहा वस्तू निवडा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा: महिन्याला किती लागली, कुठून आली, कशात भरून आली आणि वापरल्यावर कुठे गेली. बहुतेक खानावळी आणि कार्यालयांत पाणी, गॅस, वीज, तेल, धान्य आणि एकदाच वापरायच्या वस्तू या सहाच गोष्टी वर येतात.

मग क्रमानं विचार करा. ही वस्तू लागते का? लागत असेल तर कमी लागेल का? कमी करूनही लागणारच असेल तर तिच्याऐवजी दुसरी कोणती घेता येईल? पुष्कळ लोक तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतात. खोलीत बांबूचा ब्रश ठेवतात, पण रोज शेकडो छोट्या पाण्याच्या बाटल्या मागवणं तसंच चालू राहतं. बांबूचा ब्रश वाईट नाही. फक्त त्याची पाळी पुष्कळ नंतर येते.

पाण्याचा पुरवठा साखळीत समावेश होतो का? ते तर नळाचं नाहीतर बोअरचं असतं.

आपल्या भागात पाणी हा पहिला कच्चा माल आहे, आणि तो सर्वांत बेभरवशाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली 'जलदूत' दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली होती. ज्या शहरात हजारो विद्यार्थी शिकवण्यांसाठी येऊन राहतात, जिथे मेस आणि वसतिगृहं हाच मोठा धंदा आहे, तिथे मांजरा धरण आटलं की साखळीची पहिली कडीच तुटते. हे जोखमीचं काम आहे हे आधी मान्य करायला हवं.

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली बेसाल्टचा काळा खडक आहे. त्यात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरातच साठतं आणि ते फार साठत नाही. त्यामुळे तुमच्या टँकरचं पाणी ज्या बोअरमधून येतं, त्या गावाच्या वाट्याचं पाणी कमी होतं. टँकरवाल्याला आपण फक्त दर विचारतो. त्याला हेही विचारा: उपसा कुठून होतो, तिथल्या वस्तीला मे महिन्यात पाणी पुरतं का, अंतर किती? दोन पुरवठादार सारख्या दराचे असतील तर जवळचा आणि खुलेपणानं ठिकाण सांगणारा घ्या. पिण्यासाठी आणि धुण्यासाठी वेगवेगळं पाणी घ्या. फरशी पुसायला आरओचं पाणी वापरणारी हॉटेलं आहेत, आणि तो शुद्ध अपव्यय आहे.

घरात किंवा खानावळीत बसवलेलं लहान आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना साधारणपणे त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं. ते बाहेर पडणारं पाणी पिंपात जमवून फरशी आणि शौचालयासाठी वापरता येतं. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून तेच पाणी रोज झाडांना घालू नका. हात धुण्याच्या नळांना फेस करणारी जाळी बसवली की धार तेवढीच वाटते आणि पाणी निम्म्याहून कमी जातं. खर्चाच्या मानानं एवढा लवकर गुण देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

छतावरचं पाणी साठवून खरंच किती मिळतं?

हिशेब सोपा आहे. छताचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला पावसाच्या मिलिमीटरनं गुणा, म्हणजे लिटर मिळतात. त्यातले २० टक्के वाहून किंवा वाफ होऊन जातात असं धरा. १००० चौरस मीटर छताचं, म्हणजे सुमारे १०,७०० चौरस फुटांचं मंगल कार्यालय आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला ५ लाख ६० हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे ५६ टँकर.

अडचण अशी की पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि लग्नं मुख्यतः उन्हाळ्यात असतात. एवढी टाकी बांधणं बहुतेकांना झेपत नाही. तेव्हा शक्य तेवढं टाकीत घ्या आणि उरलेलं गाळणखड्ड्यातून बोअरमध्ये सोडा. बोअरमध्ये मुरलेलं पाणी फक्त तुमचं राहत नाही, शेजारच्याच्याही बोअरला जातं. तरीही ते करावं, कारण वर्षभर उपसा करणाऱ्यानं थोडं तरी परत भरलं पाहिजे. पहिल्या पावसाचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्या. त्यात छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

'इकोफ्रेंडली' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताटल्या-ग्लासांपैकी नेमकं काय घ्यावं?

या प्रश्नाचं एकच उत्तर नाही, म्हणून जरा सविस्तर.

स्टीलचं ताट सगळ्यांत चांगलं, कारण ते वर्षानुवर्षं टिकतं. त्यावर पाण्याचा आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. पण धुण्याच्या पद्धतीनं फार फरक पडतो. वाहत्या नळाखाली धुतलं तर पाणी भरमसाट जातं. आधी उष्टं खरवडून काढायचं, मग एका टबात साबणाचं पाणी, दुसऱ्यात पहिलं खळबळणं, तिसऱ्यात शेवटचं, असं केलं तर तेवढ्याच पाण्यात कितीतरी जास्त ताटं निघतात. तिसऱ्या टबाचं पाणी पुढच्या खेपेला पहिल्या खळबळण्यासाठी घ्या. रोज ठरावीक माणसं जेवणाऱ्या मेसनं आणि वसतिगृहानं स्टील सोडून दुसरा विचार करू नये.

भर मेमध्ये टँकरवर चालणारं हजार माणसांचं लग्न असेल तर माझं मत पळसाच्या पत्रावळीच्या बाजूनं आहे. पळस आपल्याकडचा आहे, किनवट-माहूरच्या पट्ट्यात तर तो भरपूर आहे. पत्रावळ आणि द्रोण लावण्याचं काम घरी बसून होतं आणि पैसा गावात राहतो. वापरल्यावर ती खतात सहज जाते. आधी सांगितलं तर बचत गट मापानं आणि वेळेवर देतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मागितलं तर मिळणार नाही, कारण पानं तोडून, लावून, वाळवून, दाबून द्यायला वेळ लागतो. पानं ओरबाडून न घेता झाड जगेल अशा बेतानं तोडली जातात ना, हेही विचारा.

सुपारीच्या ताटल्या मजबूत आणि देखण्या असतात, पण त्या मुख्यतः कर्नाटक आणि दक्षिणेकडून येतात. बगॅसच्या ताटल्या उसाच्या चिपाडापासून होतात आणि ऊस आपल्या भागात गरजेपेक्षा जास्तच आहे. आतून प्लास्टिकचा थर नाही एवढं पुरवठादाराकडून लेखी घेतलं तर बगॅस चालेल.

कागदी कप मात्र फसवे आहेत. चहा गळू नये म्हणून त्यांच्या आत बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ते धड रद्दीत जात नाहीत आणि धड खतातही जात नाहीत. चहासाठी काचेचा ग्लास किंवा स्टीलचा पेला घ्या.

'कंपोस्टेबल' प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असलेलीच पिशवी खरी. आणि ती कुजते ती खतप्रकल्पातल्या उष्णतेत, साठ अंशांच्या आसपास. उकिरड्यावर ती इतर पिशव्यांसारखीच पडून राहू शकते. तसा खतप्रकल्प तुमच्या गावात नसेल तर त्या पिशवीवर जास्तीचे पैसे घालू नका.

कायद्यानं नेमकं काय बंद आहे?

महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिक पिशव्या आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. केंद्रानं १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, कप, ग्लास, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची फिल्म आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनर बंद केले. कार्यालयाच्या कमानीवरचा फ्लेक्सही त्यामुळे तपासायला हवा.

कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या कापडी नसतात, त्या प्लास्टिकच्याच असतात. आहेराच्या पिशव्यांची ऑर्डर देताना हे विसरलं जातं.

सगळं जवळून घेतलं की पर्यावरणपूरक झालं, असं समजायचं का?

नाही. किती दुरून आलं याइतकंच कसं आलं हेही बघावं लागतं. समजा तुम्ही १०० किलो भाजीसाठी ६० किलोमीटरवरच्या गावात छोटा हत्ती पाठवला. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर धरलं तर आठ लिटर डिझेल. किलोमागे ८० मिलिलिटर झालं. आता दहा टनांचा भरलेला ट्रक ४०० किलोमीटरवरून आला आणि त्यानं लिटरला चार किलोमीटर दिले, तर १०० लिटर डिझेल जळलं, म्हणजे किलोमागे १० मिलिलिटर. दूरचा माल इथे आठपट स्वस्त पडला, डिझेलच्या हिशेबानं.

याचा अर्थ जवळचा शेतकरी सोडून द्या असा नाही. गाडी भरून आणा. शेजारच्या चार हॉटेलांची मागणी एकत्र करा, एकाच फेरीत चार थांबे घ्या, येताना रिकामे क्रेट आणि डबे परत पाठवा. शेतकरी उत्पादक कंपनीशी आठवड्याचा ठराव केला तर तीच गाडी ठरलेल्या दिवशी भरून येते. रोज सकाळी 'अजून दोन जुड्या मेथी पाठव' असं सांगणारं स्वयंपाकघर सगळ्यांत जास्त डिझेल जाळतं. मेनू आदल्या आठवड्यात ठरला की अर्धं काम झालं.

मराठवाड्यातून काय काय घेता येईल?

आपण समजतो त्याहून पुष्कळ. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूच बघा: लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच, जालन्याची दगडी ज्वारी आणि मोसंबी, वसमतची हळद, बीडचं सीताफळ, कुंथलगिरीचा खवा, मराठवाड्याचा केशर आंबा. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्याला हॉटेलात परदेशी सफरचंदाऐवजी हंगामात जालन्याची मोसंबी मिळाली तर ते अधिक योग्य होईल. परळी, औंढा, तुळजापूर, नांदेडला येणाऱ्या भाविकांच्या थाळीत ज्वारीची भाकरी असावी. ज्वारीच्या पिकाला भातापेक्षा आणि उसापेक्षा कितीतरी कमी पाणी लागतं. कोरडवाहू भागातल्या हॉटेलनं कोरडवाहू पिकं विकत घेणं यासारखी शेतकऱ्याला थेट मदत नाही.

खोल्यांतले नॅपकिन, पंचे, चादरी यांसाठी खादीकडे बघा. राष्ट्रध्वजाची खादी तयार करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडची आहे आणि कापूस आपल्या रानात आहे. पातळ सुती पंचा जाड टॉवेलपेक्षा कमी पाण्यात धुतला जातो आणि लवकर वाळतो.

उरलेलं अन्न आणि जळकं तेल यांचं काय करायचं?

अन्नाचा विचार शिजवण्याआधी करा. पंगतीत वाढपी विचारून वाढतो तेव्हा पानात कमी उरतं. बुफेत मोठी ताटली दिली की माणूस भरून घेतो आणि टाकतो. मेसमध्ये आठवडाभर रोजचं उष्टं वजन करून फळ्यावर लिहा. कोणत्या दिवशी कोणती भाजी टाकली जाते ते आपोआप कळतं आणि पुढची खरेदी त्यावरून ठरते. हात न लागलेलं शिजवलेलं अन्न दोन-तीन तासांत द्यायचं असेल तर घेणारी संस्था किंवा वसतिगृह आधीच ठरवून ठेवा. रात्री बारा वाजता शोधाशोध करून अन्न वाटणं उन्हाळ्यात धोक्याचं आहे.

रोज ५० किलो ओला कचरा निघत असेल तर बायोगॅसचा विचार जरूर करा. अंदाजे पाच घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे दोन किलोच्या आसपास एलपीजीचं काम होतं. जागा, रोज ढवळणारा माणूस आणि कचऱ्यातून लिंबाच्या साली, हाडं, प्लास्टिक वेगळं काढण्याची शिस्त, हे तिन्ही असेल तरच. नाहीतर खड्डा किंवा ड्रममध्ये खत करा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्याला 'मोठा कचरा उत्पादक' ठरवलं आणि ओल्या कचऱ्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. मोठ्या लग्नाच्या दिवशी बहुतेक कार्यालयं ही रेषा सहज ओलांडतात.

तेलाबद्दल मला ठासून सांगायचं आहे. लग्नात पुऱ्या-भजी तळून उरलेलं काळं तेल आचारी किंवा मदतनीस रस्त्यावरच्या गाड्यांना विकतात आणि ते पुन्हा माणसांच्या पोटात जातं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरहून जास्त तळणाऱ्यांना नोंदवही ठेवावी लागते. वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारे अधिकृत व्यावसायिक आहेत. आचाऱ्याशी करार करतानाच 'उरलेलं तेल आमच्या ताब्यात राहील' असं लिहून घ्या.

वीज आणि गॅस पुरवठ्यात धरायचे का?

धरायचे. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो, कारण आपली वीज मुख्यतः कोळशाची आहे. १९ किलोच्या व्यावसायिक सिलेंडरमागे सुमारे ५७ किलो, डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो.

वसतिगृहवाल्यांनी पंख्यांपासून सुरू करावं. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०-३५. फरक ४० वॅटचा. रोज १४ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणारे ५० पंखे बदलले तर ८,४०० युनिट वाचतात.

एसीचा विषय कुणी काढत नाही, पण तो गंभीर आहे. थंडाव्यासाठी एसीत भरला जाणारा आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट उष्णता धरतो. सर्व्हिसिंगला आलेल्या मुलानं एक किलो गॅस हवेत सोडला तर सुमारे ७७५ लिटर डिझेल जाळल्याइतकं नुकसान झालं. नवा एसी घेताना त्याहून कमी उष्णता धरणाऱ्या आर-३२ किंवा आर-२९० गॅसचा घ्या. दुरुस्तीच्या करारात लिहा: गळती शोधल्याशिवाय गॅस भरायचा नाही आणि जुना गॅस हवेत सोडायचा नाही. 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' असं सांगणारा मेकॅनिक बदला. बंद प्रणालीतला गॅस संपत नसतो, गळतो.

मोठ्या भट्ट्यांसाठी पराट्या, तुराट्या, सोयाबीनचा भुसा यांच्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या, चालतात. पण बंदिस्त, पंखा असलेल्या भट्टीतच. उघड्या चुलीत तो धूर आचाऱ्याच्या छातीत जातो आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही.

दवाखान्याला हे कितपत लागू आहे? आमच्याकडे स्वच्छतेशी तडजोड चालत नाही.

ती करूही नका. सुई, सलाईनचा सेट, हातमोजे यांत काटकसर नको. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी विभागणी आणि ४८ तासांच्या आत उचल हे पाळायचंच. काम आहे ते बाकीच्या ठिकाणी. पुठ्ठ्याची खोकी, औषधांची वेष्टनं, नातेवाइकांच्या जेवणाचे डबे पिवळ्या पिशवीत गेले की साधा कचराही भट्टीत जळतो. दारात एक साधी कोरड्या कचऱ्याची बादली ठेवली तरी पिवळी पिशवी हलकी होते. औषधं तीन महिन्यांची एकदम न भरता स्टॉकिस्टकडून दर आठवड्याला घ्या आणि मुदत संपण्याआधी परत घेण्याची अट घाला. डायलिसिसचा आरओ असेल तर त्याचं बाहेर पडणारं पाणी शौचालयांना जोडा.

वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्या आम्हा कँटीन आणि बसवाल्यांना पर्यावरणाचे फॉर्म का पाठवतात?

कारण तुम्ही त्यांच्या साखळीत आहात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानं बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यांच्या मोठ्या आणि परदेशी ग्राहकांकडूनही विचारणा होते. कंपनीनं स्वतः जाळलेलं इंधन स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि पुरवठादारांकडचं, म्हणजे तुमच्या कँटीनचा गॅस आणि तुमच्या बसचं डिझेल, हे स्कोप ३ मध्ये येतं.

फॉर्म बघून घाबरू नका. महिन्याचे सिलेंडर, युनिट, डिझेलचे लिटर, पाण्याचे टँकर आणि कचऱ्याचं वजन एवढे आकडे बिलांसह तयार असले की बहुतेक प्रश्नांची उत्तरं देता येतात. अंदाजे आकडे भरू नका. पुढच्या वर्षी तेच आकडे तपासायला मागतात.

पुरवठादार ऐकत नाहीत. म्हणतात, 'साहेब, सगळे हेच घेतात.'

पुरवठादाराशी बोलताना आधी आपली उधारी आठवा. सहा महिने पैसे न देता त्याला 'खोकी परत ने, प्लास्टिक बदल' असं सांगण्याचा आपल्याला हक्क राहत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं नोंदणीकृत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. पत्रावळी लावणारा बचत गट किंवा भाजी देणारा शेतकरी तेवढीही वाट पाहू शकत नाही. त्याला आठ-पंधरा दिवसांत द्या. वेळेवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी माणूस वेगळी गाडी लावतो.

एकदम सगळं मागू नका. तेल पाऊचऐवजी डब्यात, डबा परत. साबण पाच लिटरच्या कॅनमध्ये, कॅन परत. भाजी क्रेटमध्ये. या तीन गोष्टी जमल्या की पुढच्या बोला. ऐकत नसेल तर शेजारच्या तीन-चार व्यावसायिकांनी मिळून बोला. एका हॉटेलला नाही म्हणता येतं, संबंध रस्त्याला म्हणता येत नाही.

खर्च वाढतो का?

काही ठिकाणी वाढतो, आणि ते लपवू नये. पत्रावळ, खादी, खात्रीचा शेतमाल महाग पडू शकतो. पंखे, नळाची जाळी, मोजून शिजवणं, परतीचे डबे यांतून पैसे वाचतात. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत ठेवा. वाचलेल्यातून महागाचं भागवायचं. नुसती महागडी 'हिरवी' खरेदी सुरू केली तर दुसऱ्या वर्षी ती बंद पडते.

दारावर 'पर्यावरणपूरक हॉटेल' असा फलक लावता येईल का?

जपून. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. 'हिरवे', 'इकोफ्रेंडली' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. त्यापेक्षा 'आमच्याकडे पाण्याच्या छोट्या बाटल्या मिळत नाहीत', 'ज्वारी जालना जिल्ह्यातून येते' असं जे करता तेच लिहा.

लग्नसराई तोंडावर आली आहे. आता काय जमेल?

पत्रावळीची ऑर्डर आजच द्या. वधू-वर पक्षाशी बोलताना बाटल्यांऐवजी जार आणि स्टीलचे पेले हाच पहिला पर्याय म्हणून सांगा, बाटल्या मागितल्या तर वेगळा दर लावा. आचाऱ्याच्या करारात तेलाची ओळ घाला. टँकरवाल्याला फोन करून पाणी कुठून येतं ते विचारा. नळांना जाळ्या बसवायला प्लंबरला एक दुपार पुरते. ओल्या-कोरड्या कचऱ्याचे दोन मोठे ड्रम भांडी घासायच्या जागेजवळ ठेवा, मागच्या फाटकाजवळ नको. कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा होतो. छताच्या पाण्याचं काम मात्र लग्नं आटोपली की लगेच हाती घ्या, म्हणजे मृगाच्या आधी पाइप जोडून होतील.